डचेसची पोलादी पागा

२५ जानेवारी २००४, रविवार
या विषयावर एकदाच लिहायचे, पुन्हा नाही. सदाशिव पेठेत रस्ता अडवून वरात. बँड कर्कश. नवरदेवाच्या घोडीमागे माझी मारुती, गोगलगायीच्या वेगाने. हॉर्न हा वाजवण्यासाठीच असतो. त्यातून आमच्या ह्यांनी हौसेने बसवलेला हा तीन सुरांचा हॉर्न. पुण्यात असा दुसरा नाही. घोडी बिथरली, घसरली, पाय मुरगळला. नवरदेव फेट्यासकट सुखरूप. घोडीवाला रंगनाथ तिच्या गळ्यात पडून रडायला लागला. कोणीतरी विचारले, हॉर्न कोणी वाजवला? मी म्हटले, रिक्षावाल्याने. पुण्यात यावर पुरावा मागत नाहीत.

२६ जानेवारी
झोप नाही. काल साबुदाणा जड झाला असणार.

१ फेब्रुवारी
घोडी मी ठेवून घेतली. निव्वळ भूतदया. कॉन्व्हेंटमध्ये मुक्या प्राण्यांविषयी आम्हाला फार चांगले शिकवले होते. रंगनाथला दुसऱ्या घोडीसाठी पैसेही दिले. वाघोलीचा प्लॉट रिकामाच आहे. घोडीचे नाव डचेस ठेवले. रंगनाथ म्हणतो, बिजली. असले नाव सभ्य घरात चालणार नाही. ती मात्र बिजली म्हटल्याशिवाय मान वळवत नाही.
रंगनाथ म्हणाला, ताई, तुम्ही देवमाणूस, आणि पाया पडला. मला मुळीच बरे वाटले नाही. गुडघे दुखतात त्यामुळे.

८ फेब्रुवारी
डचेस ताडपत्रीखाली. प्लॉटशेजारच्या सरुबाई (जमीन कॉलेजला विकली, आता जीपमधून कोथिंबीर आणायला जातात) म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात बांदा की. चार म्हशीत एक घोडी, कुनाला जड हाय?"
डचेस आणि म्हशी! नकार दिला.
पोलादी सांगाड्याच्या इमारती करणाऱ्या कंपनीचा तेजस आला. टाय लावून. म्हणाला, "मॅडम, ऑफिस, क्लब, बंगला, तबेला, काहीही सांगा. फुल्ली तुमच्या मापाने. फ्रेम फॅक्टरीत कापून येणार, इथे फक्त बोल्ट आवळायचे. मधे एकही खांब नाही." त्याला घोडेस्वारीचा 'इक्वेस्ट्रियन' हा शब्द म्हणता येत नाही. येईपर्यंत म्हणवून घेतले.
संकल्प: उन्हाळ्याआधी डचेस हक्काच्या छपराखाली.

२२ फेब्रुवारी
नकाशा मंजूर. तेजसने विचारले, एका घोडीला एवढी मोठी कशाला? म्हटले, लहान माझ्या मनाला पटत नाही.
पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवाच, असा त्याचा हट्ट. "वाघोलीचं ऊन आहे, मॅडम." माझ्याकडच्या इंग्लिश पुस्तकातल्या एकाही तबेल्याला असला थर नाही. तो खर्च काटला आणि शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा बसवला. आमच्या शाळेच्या चॅपलवर होता तस्साच. तेजसने नकाशा गुंडाळला. पटले असावे.
रंगनाथ दर रविवारी गूळ घेऊन येतो. घोडीला अर्धा, मला अर्धा. माझा घशाखाली उतरत नाही. गूळ चिकट आहे.
प्लॉटच्या गेटशी हॉर्न वाजवत नाही. स्वतः उतरून गेट उघडते. व्यायाम होतो.

२१ मार्च, पाडवा
सांगाडा उभा! भव्य! कामगार लोखंडावर हातोडे घालत होते, तर डचेस पाय आपटायला लागली. मी म्हटले, गोंगाटाचा निषेध करते आहे, घराण्याची आहे. सरुबाई म्हणाल्या, "नाचतीया, बाई. तिला वाटलं वरात आली." नीट बघितले. नाचतच होती. पाय बरा झाला म्हणायचा. म्हणजे मी केलेले नुकसान भरून निघाले. रिक्षावाल्याने केलेले.

११ एप्रिल
उद्घाटन. नारळ फोडला. डचेसने आत डोके घातले आणि लगेच काढले. मी स्वतः आत जाऊन बोलावले. बाहेर आले तेव्हा चष्म्याची दांडी हाताला चटकत होती. तेजसने टाय काढून खिशात घातला. कोंबडा हलत नाही, वाराच नाही. सरुबाई म्हणाल्या, "भट्टी झ्याक झालीया. पाव कवा काढताय?"
डचेस गोठ्यात. दोन म्हशींच्या मधे. तात्पुरती.

१८ एप्रिल
सरुबाईंनी नातीच्या, वैष्णवीच्या, लग्नाला इमारत मागितली. संध्याकाळी पत्रा निवतो. "मधी खांब न्हाई, पंगत सरळ बसंल." दिली. तेजस याला 'लेझर यूज' म्हणतो, म्हणजे करमणुकीसाठी वापर. नवरा मुलगा सूरज हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला घोडीच हवी. घोडीचे डॉक्टर म्हणाले, गेटपासून मांडवापर्यंत चालेल. लगाम रंगनाथ धरणार.
संकल्प: अक्षता पडायच्या आत रंगनाथला खरे काय ते सांगायचे. वाक्यही तयार आहे. "रंगनाथ, हॉर्न अनेक प्रकारचे असतात."

२ मे, रात्री
गोरज मुहूर्त. मला उशीर झाला. गेटच्या आत वरात नाचत होती, बाहेर मोटरसायकली, पाहुणे, आणि आडवी लावलेली एक रिक्षा. गाडीचे दार उघडायलाही जागा नव्हती. हाका मारल्या, बँडपुढे कोण ऐकतो? एकदाच वाजवला. अगदी हलका.
तीन सूर.
बिजलीने कान पाडले आणि उधळली ती थेट इमारतीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आत गेली. सूरजसकट. भटजींच्या हातून अंतरपाट गळून पडला. बँड थांबला.
सूरजला उतरवून, तिच्या मानेवरून हात फिरवून रंगनाथ बाहेर आला. गाडीजवळ उभा राहिला. गाडीकडे बघितले, मग माझ्याकडे. मी म्हटले, "रंगनाथ, हॉर्न अनेक..."
तो म्हणाला, "त्या दिवसाची रिक्षा सापडली म्हणायची, ताई."
पाया पडला नाही. रविवारचा गूळ बॉनेटवर ठेवला आणि आत गेला. माझा अर्धाच.
पंगत खरोखर सरळ बसली होती. सरुबाईंनी आग्रहाने जिलबी वाढली आणि लगेच पुढच्या पानाकडे वळल्या.
गाडी तिथेच ठेवली. रिक्षाने घरी आले. रिक्षावाल्याने सबंध वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.