तुम्ही न ऐकलेली हाक

बाबा, मागच्या महिन्यात आई पहिल्यांदाच माझं व्याख्यान ऐकायला आली. आमच्या विभागात दर शुक्रवारी दुपारी कुणी ना कुणी आपल्या संशोधनावर बोलतं. कुणी कृत्रिम गुडघ्यावर, कुणी हृदयाच्या ठोक्यांवर. त्या दिवशी माझी पाळी होती आणि विषय नेहमीचाच होता, गर्दीतही नीट ऐकू येईल असं कानातलं स्वस्त यंत्र. तुम्ही गेल्यापासून हे व्याख्यान मी अहमदाबादला दिलं, पुण्याला दिलं, परदेशातही दिलं. आई म्हणाली, "सगळ्यांनी ऐकून झालं, मी कधी ऐकायचं?" म्हणून तिला वासण्याच्या घरून रिक्षानं घेऊन गेले. ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर धरून ती पहिल्या रांगेत बसली. विद्यार्थ्यांनी "केम छो, आंटी?" म्हटलं तर प्रत्येकाला नाव-गाव विचारत होती. तिला फार कौतुक वाटत होतं. मलाही वाटत होतं, तोपर्यंत.

माझं व्याख्यान तुमच्यापासून सुरू होतं, हे तुम्हाला माहीत नाही. पडद्यावर पहिला तुमचा फोटो येतो. खंडेराव मार्केटसमोर पिशवी घेऊन उभे आहात, उन्हानं डोळे बारीक झालेत. मी सांगते, माझ्या वडिलांना बोलायची भारी हौस. भाजी आणणं हे निमित्त. रेल्वेच्या ऑफिसातून सुटले की मार्केटात जायचे, वांग्यांच्या भावावरून भाजीवालीशी भांडायचे आणि त्याच बाईला तिच्या मुलीचा निकाल काय लागला ते विचारायचे. पुढे कान गेले आणि त्यांनी मार्केटात जाणंच सोडलं. इथपर्यंत सगळं खरं आहे. मग मी जरा थांबते आणि म्हणते, पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा ते त्यांच्या कानात घालून मी त्यांना तिथेच घेऊन गेले. एवढ्या गलक्यात, फार दिवसांनी दिसले म्हणून भाजीवालीनं मागून हाक मारली, "काका, घणा दिवसे देखाया!" आणि माझे वडील वळले. वळले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. यानंतर आलेख दाखवले की लोक ते फार आपुलकीनं बघतात.

आपण गेलो होतो, हे खरं. तुम्ही माझ्या पुढे चालताय, मेथीची जुडी उचलताय, बाई सांगेल तेवढे पैसे देऊन टाकताय. तुम्ही घासाघीस केली नाही, ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. भाजीवालीनं हाक मारली, तीही खरी. ती मला ऐकू आली. तुम्ही तसेच पुढे निघालात, म्हणून मी तुमच्या कोपराला हात लावला, तेव्हा तुम्ही मागे वळलात आणि तिच्याकडे बघून हसलात. एवढंच झालं होतं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यातून फक्त माझा हात गळला. मुद्दाम नव्हे, बोलण्याच्या ओघात. सभागृह एकदम शांत झालं, ते मला जाणवलं. पुढच्या कुठल्या तरी व्याख्यानात डोळ्यांतलं पाणी आलं. मग ते राहिलंच. हल्ली सांगताना माझाही आवाज जड होतो, आणि तो मी आणत नाही, आपोआप होतो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरी आल्यावर आईनं साडी बदलली, कुकर लावला, मग ओट्याला टेकून उभी राहिली.

"हे रडले कधी गं?"

"आई, सांगताना थोडं वाढवावं लागतं. नुसते आकडे लोकांच्या लक्षात राहत नाहीत."

"थोडं?" ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "ते यंत्र ते बंद करून घालायचे."

मला आधी समजलंच नाही. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. तुझी यायची वेळ झाली की कानात घालून हिंचक्यावर बसायचे. तू गेलीस की काढून डबीत ठेवायचे. भांडी आपटल्यासारखा आवाज येतो म्हणायचे त्यातून, डोकं उठायचं त्यांचं. मला वाटलं, तुला माहीत आहे. तूही त्यांना सांभाळून घेतेस असं वाटायचं मला."

मी जेवले नाही. आईनंही आग्रह केला नाही.

तेव्हापासून मी तुम्हाला परत परत बघते आहे. मी दारातून आत येते, चपला काढते, विचारते, "बाबा, आज कसं ऐकू येतंय?" तुम्ही झुलता हिंचका पायानं थांबवता, माझ्या तोंडाकडे नीट बघता आणि म्हणता, "छान. एकदम छान." मी खुशीत आत जाते. तुम्ही माझे ओठ वाचत होतात. लोकांचं ऐकणं मोजणं हा माझा धंदा, आणि तुमच्याकडे पाठ करून एकदा हाक मारून बघायचं मला सुचलं नाही. की सुचलं, आणि मी टाळलं? आता सांगता येत नाही.

पंधरवड्यानं नव्या विद्यार्थ्यांसमोर पुन्हा बोलायचं होतं. तुमचा फोटो काढून टाकावा असं वाटलं, पण मग ठेवला. मार्केटची गोष्ट झाली तशी सांगितली, कोपराला लावलेल्या हातासकट. मग यंत्र बंद असायचं तेही सांगितलं. या वेळी कुणी भारावलं नाही. दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग बाकीच्या लोकांचं काय? त्यांनीही 'छान' असंच सांगितलं असेल तर?"

हे यंत्र आपल्या शहरात कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आम्ही वापरायला दिलं आहे, आणि ती सगळी समाधानी आहेत असं मी शोधनिबंधात छापून मोकळी झाले आहे. आता त्या मुलीला बरोबर घेऊन एकेकाच्या घरी जाते. आधी सगळे "सारुं छे, बेन", चांगलं आहे, असंच म्हणतात. चहा येतो. मग मी तुमची गोष्ट सांगते, तुम्ही बंद यंत्र कानात घालून माझी वाट बघत बसायचात ती. परवा मांडवीतले एक आजोबा ऐकता ऐकता हसायला लागले. उठून आत गेले आणि कपाटातून त्यांचं यंत्र घेऊन आले, अगदी नवंकोरं. बरेच जण असे निघाले. जे छापलं ते चुकलं, असं आता लेखी कळवावं लागेल. विभागप्रमुख म्हणाले, "घाई कशाला?" मी मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे. पुढे काय होईल ते होईल. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो, पण त्या मुलीचं शिक्षण यात अडकायला नको, एवढीच काळजी आहे.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता खरं सांगितलंस ना सगळं? मग झालं."

मी हो म्हटलं.

पण बाबा, त्या मुलीनं आणखी एक विचारलं होतं. "तुमच्या वडिलांनी तुम्हाला सरळ का नाही सांगितलं?" मी म्हटलं, ते फार मायाळू होते, मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही मायाळू होतातच. पण तुम्ही सांगितलं होतं. अगदी पहिल्या आठवड्यात, मी घाईनं निघताना तुम्ही यंत्र तळहातावर घेऊन दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "यातून नुसता गोंगाट येतो गं, माणसाचं बोलणं येत नाही." मी चप्पल घालता घालता, मान वर न करता म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? घालायचं नसेल तर नका घालू, मग मी लोकांना काय तोंड दाखवू?" बोलताना माझी मान खाली होती, तेव्हा तुम्हाला यातलं किती कळलं कोण जाणे. आई तेव्हा देवळात गेली होती. तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.