अब्बांचं कार्ड मक्केत चालत नाही

१२ जानेवारी
दुपारी अब्बांचा फोन, मक्केहून. मशीन कार्ड घेतं, जरा वेळ थांबतं, परत देतं. पैसे नाहीत. "दोन मशिनी बदलल्या बेटा. मागं लाइन लागते, मग मीच बाजूला होतो."
अम्मीचा ताप उतरेना. उमऱ्याच्या यात्रेचा ग्रुप उद्या मदिनेला निघणार. अम्मीला बसवतसुद्धा नाही. अब्बा तिच्यापाशी थांबणार, म्हणजे उद्यापासून खोलीचं भाडं आपलं आपण. हातातले रियाल डॉक्टरात गेले.

१३ जानेवारी
शाळेत अर्धी रजा टाकली, बँकेत. काउंटरवरच्या मॅडम चांगल्या. कार्डाचा परदेशातला वापर बंद आहे म्हणाल्या, चालू करावा लागेल. मग करा ना! "खातेदारानं स्वतः यायला लागतं."
अहो, खातेदार तिकडं आहे म्हणून तर...
मोठे साहेब मंचरला, मीटिंग.
शेवटी हळूच म्हणाल्या, वेबसाइटवरून होईल. पण ओटीपी अब्बांच्या इथल्या नंबरवर जाणार. ते सिम त्यांनी विमानतळावर काढून पाकिटात ठेवलंय, फोनमध्ये तिकडचं. निघताना सवयीनं बोलल्या, "ओटीपी कुणाला सांगायचा नाही हां." मग माझ्याकडं बघून पुढचं टोकन पुकारलं.
इरफानला फोन. म्हटलं, इथून कुणाच्या तरी हाती पैसे पाठव. नवरा बिचारा नारायणगाव मार्केटात टोमॅटोची गाडी भरत होता. "मी तिकडं कुणाला वळखतो गं?" खरंय. तरी राग आला.

१४ जानेवारी
अब्बांच्या जुन्या नंबरवर रोमिंगचा रिचार्ज मारला. फोनचा सिमचा खण त्यांना उघडेना. खालच्या कॅन्टीनवाल्या मलबारी भाऊंनी सिम घालून दिलं.
मग ओटीपी. येतो, अब्बा चष्मा शोधतात, आकडे वाचतात, तोवर मुदत संपते. पुन्हा. पुन्हा. शेवटी मी ओरडले, "अब्बा, पटकन!" यापूर्वी कधी ओरडले नव्हते त्यांच्यावर. ते घाबरून चुकीचंच वाचायला लागले.
झालं एकदाचं चालू.

१५ जानेवारी
आज मशीननं कार्ड घेतलं, पिन घेतला, आत खडखड केली. नोटा आल्याच नाहीत. इथं खात्यातून मात्र गेले.
बँक. मॅडम म्हणाल्या, "तक्रार घेतलीय ताई. येतील परत."
कधी?
"ते तिकडच्या बँकेवर."
खात्यात आता, आमच्याकडचे घालूनही, एकदा काढण्यापुरते. पुन्हा तसंच झालं तर, हे कुणालाच विचारलं नाही.
संध्याकाळी अम्मी फोनवर. आवाज लई बारीक. "त्यांच्यावर रागवू नको. सकाळपासून कायबी खाल्लं न्हाई त्यांनी."

१६ जानेवारी, जुम्मा
मशिदीबाहेर जेवणाची पाकिटं वाटतात. अब्बा आज त्या लाइनीत उभे राहिले. जुन्नरात गाद्या भरून तीन पोरांना शिकवलं, दारी आलेल्याला रिकामं धाडलं नाही. सांगताना हसायला गेले आणि आवाजच फाटला.
मी म्हटलं, "अब्बा, तिथं सगळेच घेतात. सवाबाचं, पुण्याचं असतं ते."
"मला ठावं हाये. हात पुढं होत नव्हता, बस."
फोन ठेवल्यावर भाकरी थापायला बसले. दोन करपल्या.

१७ जानेवारी
खोलीवाला उद्या सकाळी खोली सोडा म्हणतोय. अम्मीला उभं राहवत नाही.
अब्बांना म्हटलं, दुसऱ्या बँकेचं मशीन बघा, फोन चालू ठेवा, मी सांगते. खिशात फोन घालून निघाले. चपलांचा आवाज, गाड्या, मध्येच कुणीतरी अरबीत काही बोललं. मी इथं ओट्याला टेकून उभी. इरफान जेवता जेवता थांबला.
"घातलं बेटा कार्ड."
पिन दाबा अब्बा. सावकाश.
"दाबला."
आता?
"थांब. आतून आवाज येतोय..."
आणि कट.
तेव्हापासून फोन लागत नाही. इरफान म्हणतो, बॅटरी संपली असंल.
असेल.