मियेनला लेखनात सहा

प्रिय थुआन,

रोज फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. आधी सगळं वाच, मग बोल. मियेनची पहिलीची पहिली सत्रपरीक्षा झाली. वाचनात दहापैकी दहा, लेखनात सहा. ल्वानबाईंनी सगळ्या वर्गाचे गुण पालकांच्या ग्रुपवर टाकले आणि आपल्या लेकीच्या सहावर पहिला शाबासकीचा अंगठा मी टाकला. तेव्हापासून तुझ्या आई माझ्याशी बोलत नाहीत. पलीकडची काकू तर दारातच म्हणाली, सहा मिळाले म्हणून मिरवणारी सून आजच बघितली. मी म्हटलं, मग बघून घ्या नीट.

तुला तिकडे तैवानात एवढंच सांगितलंय की पोरीचं अक्षर वाईट आहे. साफ खोटं. पोर डावखुरी आहे आणि तिला उजव्या हाताने लिहायला लावलं जात होतं. शाळा सुरू झाली तशी आईंनी अभ्यासाच्या वेळी तिच्या डाव्या हातात मोजा चढवून वरून पट्टी बांधायला सुरुवात केली. त्यात दुष्टपणा नव्हता रे. काचू नये म्हणून त्यांनी स्वतःचा मऊ रुमाल फाडून पट्टी केली होती. लोक हसतील पोरीला, म्हणायच्या. थुआनलाही मी असाच सरळ केला, बघ की. आणि भिंतीवरच्या तुझ्या सुंदर अक्षराच्या प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवायच्या. मीही म्हटलं, वडीलधाऱ्या आहेत, त्यांना जास्त कळतं. मग पोर अंथरूण ओलं करायला लागली. एक दिवस जेवताना शिंकली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, नाक कुठल्या हाताने पुसू? मी उठले आणि मोजा, पट्टी, सगळं चुलीत घातलं.

त्यानंतर तिची तयारी मी घेतली. दुपारी स्टॉल आवरला की अंगणातल्या फरशीवर खडू घेऊन आम्ही दोघी बसायचो. डावा हात आपणच लिहिलेल्या शाईवरून फिरतो आणि सगळं फासलं जातं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? शेवटी आम्हीच शोधून काढलं, कागद तिरका धरायचा आणि हात ओळीच्या खाली ठेवायचा. हसायला लागली बघ पुन्हा. मीही डाव्या हाताने गिरवून बघितलं, तर मला म्हणे, तुझा डावा हात ढ आहे.

राहिला प्रश्न बाकाचा. तिचं कोपर शेजारच्या मुलाला लागायचं आणि त्याची रेघ वाकडी व्हायची. मी ल्वानबाईंना म्हटलं, हिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, बस. त्या म्हणाल्या, अहो, वर्गाच्या अक्षरावर शिक्षकांमध्ये माझा नंबर ठरतो, परीक्षेपुरतं उजव्या हाताने लिहू दे, मग बघू. मी म्हटलं, बाई, नापास करा, पण हात तिचा तिलाच ठरवू द्या. बाई वाईट नाहीत. त्यांनी जागा बदलून दिली.

परीक्षेच्या सकाळी तुझ्या आईंनी पास होण्याच्या शकुनाचा लाल चवळीचा चिकट भात केला. अंडं नाही, कारण अंडं म्हणजे शून्य. केळं नाही, कारण पोर घसरेल. मियेन अंड्यासाठी रडली, तर मी उकडून दिलं. लिहिताना तिची एकही चूक झाली नाही, थुआन. चार गुण कापले ते डागांचे आणि तिरक्या अक्षराचे. घरी आल्यावर म्हणाली, संपूर्ण लिहिलं, माझ्या हाताने. त्या रात्री अंथरूण कोरडं होतं.

आता पत्र का, ते सांगते. तुझा फोन आला की आई स्पीकर लावून शेजारी बसतात आणि त्यांच्यासमोर ‘हो आई’च्या पुढे तुझी गाडी जात नाही. लग्नानंतर तू छपराचा पत्रा ठोकत होतास तेव्हा हातोडी डाव्या हातात होती. मला बघितलंस, घाईने उजव्या हातात घेतलीस आणि अंगठा ठेचून घेतलास. तेव्हा मी काही विचारलं नाही. अक्षरासाठी बक्षीस मिळवलेला माणूस शाळा सुटल्यापासून पेनला हात का लावत नाही, तेही कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही, फक्त मागते. नव्या वर्षाला, तेतच्या सणाला येशील तेव्हा सगळे काका, आत्या चटईवर जेवायला बसतील. तू मियेनच्या शेजारी बस आणि जेवायच्या काड्या डाव्या हातात घे. भाषण नको, भांडण नको. तिने नुसतं बघायला हवं. काका खाकरतील, आई पानावरून उठतील. उठू देत, त्यांना समजावून मी परत आणीन. आणि एवढंही तुला जमणार नसेल, तर तिच्या शेजारची जागा सोड. तिथे मी बसेन आणि डाव्या हाताने जेवेन, निम्मा भात अंगावर सांडला तरी.

तुझीच,
दाओ