मुद्देमालातला हंडा

४ मार्च
उदगीर कोर्टात सहावी तारीख. पुन्हा पुढे. जिल्हा नवा झाला, आपल्या केसचे कागद म्हणे अजून जुन्या जिल्ह्यातच. मिलिंद, माझा सख्खा दीर, जामिनावर. कोर्टाच्या कट्ट्यावर पाय पसरून पेपर वाचत होता. घर फोडलं त्याने आणि रजा संपतेय माझी.

७ मार्च
सासरे शाळेत आले. वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "हंडा माझा न्हाई म्हण. वळख पटली न्हाई की केस संपली." घरफोडीत आपसात मिटवता येत नाही, म्हणून त्यांच्या वकिलाने शिकवलेली ही वाट. मी नांदेडला ट्रेनिंगला असताना मिलिंदने माझ्या घराचं कुलूप फोडलं. हे वारल्यापासून पेटीत ठेवलेलं डोरलं गेलं ते गेलंच, हंडा मोडीच्या दुकानात सापडला. त्यावर माझ्या आईचं नाव घातलंय, त्याचं काय? तर म्हणे, गावात गयाबाई काय एकच हाय का.

९ मार्च
आडाच्या झाकणाला कुलूप. गल्लीत पाणी फक्त सासऱ्यांच्याच आडाला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, किल्ली मिलिंदपाशी हाय. टँकरचा भरवसा नाही. शाळेच्या टाकीतून कळशी भरून आणली. पोरांच्या वाटणीचं पाणी... लाज वाटली.

१४ मार्च
सरकारी वकिलांना भेटले. हे माझ्या बाजूचे! म्हणाले, बाई, घरातलंच प्रकरण, नाही म्हणालात तरी चालेल, अशा केसेस अशाच निघतात. मग हंडा? सरकारजमा होईल. शपथ घेऊन खोटं बोलायचं, त्याबद्दल एक शब्द नाही.

१८ मार्च
माझ्या सुजाताच्या अंगावर घामोळ्या फुटल्यात. लेकराला चार दिवस आंघोळ नाही. सासऱ्यांना निरोप धाडला, कोर्टात हंडा माझा नाही म्हणते. चहा उकळायच्या आत किल्ली आली. माझाच मला संताप येतोय.

२२ मार्च
कोर्ट. पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. शिपायाने हंडा टेबलावर ठेवला, गळ्याला चिठ्ठी बांधलेली. 'माझा नाही' एवढंच म्हणायचं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, काम काय करता? शिक्षिका.
"मग यावरचं नाव वाचा."
"गयाबाई."
"या कोण?"
आईने दुष्काळी कामावर खडी फोडून घेतलेला हंडा. तिला वाचता येत नव्हतं, तरी नाव घालून होईपर्यंत दुकानातून हलली नाही. मेलेल्या आईची ओळख कशी नाकारू?
"माझी आई. हंडा माझाच आहे."
मिलिंदच्या वकिलाने उलटतपासाला मुदत मागितली. मिळाली. हंडा पुन्हा आत.
एसटीत सासरे पाठ करून बसले. उतरताना एवढंच म्हणाले, "आता तू तुझं बघ."

२३ मार्च
आडाला पुन्हा कुलूप. घरात तांब्याभर पाणी. दुपारी दगड घेऊन आडापर्यंत गेले. मी कुलूप फोडलं तर सासरे सूर्य मावळायच्या आत फिर्याद देतील, आणि साक्षीला ते सगळे एका आवाजात बोलतील. परत आले. दगड हातातच होता. तो दाराशी ठेवलाय.