खिडकी कुणीकडची

३ नोव्हेंबर, सोमवार

एक ट्रंक, एक छत्री आणि कुसुमचा फोटो घेऊन राजगुरुनगरहून पुनावळ्याला आलो, त्याला आज चार दिवस झाले. निरंजनचं घर अकराव्या मजल्यावर आहे. माझ्या खोलीला तीन खिडक्या! एकीतून महामार्ग दिसतो, दुसरीतून अर्धी बांधलेली इमारत, आणि तिसरीतून, मान बरीच तिरकी केली तर, उसाचा एक तुकडा. गाव अजून पुरतं गेलेलं नाही म्हणायचं. शाळेत रानाची कविता शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे असंच रान हलायचं. मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा मधली सुट्टी.

निरंजन चाकणला कंपनीत, शिफ्टप्रमाणे जातो. सून योगिनी माणला एका संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे मराठी माणसांसाठी संगणकाची नवी प्रणाली तयार होते आहे. नाव 'ओसरी'. बाजारात यायला अवकाश आहे. त्याआधी म्हाताऱ्यांना ती झेपते का हे पाहायला त्यांना खरीखुरी म्हातारी माणसं हवी आहेत. योगिनी म्हणाली, अण्णा, तुमच्याइतकं चुका काढणारं माणूस मला शोधूनही सापडायचं नाही. टोमणाच होता, पण मी तो प्रशस्तिपत्र समजून घेतला. रोज वापरायचं आणि काय वाटलं ते लिहून द्यायचं. मी वहीतच लिहीन म्हटलं. दोनशे पानी वही आणवली, समास आखला, आणि बसलो.

तिने आणून दिलेल्या संगणकाच्या झाकणावर चिठ्ठी आहे: चाचणी आवृत्ती, मुदत ३० नोव्हेंबर. त्या दिवशी आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार. योगिनीने बजावलं की आत मोलाचं काही ठेवू नका. मला हसू आलं. माझं मोलाचं सगळं पाठ आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिले अभिप्राय. झाकण उघडलं की दहा मोजायच्या आत सुरू होते. अक्षर टपोरं, जोडाक्षरं शाबूत. पहिल्या पडद्याला 'अंगण' म्हणतात, कागदपत्रं ठेवायच्या जागेला 'फडताळ'. नको ते टाकायची जागा 'उकिरडा'. घरात उकिरडा नसतो, तो घरामागे असतो, असं मी सांगितलं, तर ओसरी स्वतःच बोलली. चूक दाखवलीत, आभारी आहे, गुरुजी. आवाज बाईचा, साधा, थोडा बसका. मी गुरुजी आहे हे तिला योगिनीने सांगितलं असावं.

योगिनी म्हणाली, अण्णा, ती चुकली की गप्प बसू नका. ती दुरुस्तीतूनच शिकते. म्हटलं, बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

दहापैकी सात गुण.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिला कविता आवडतात का असं विचारलं. तिने पाखरांची एक जुनी कविता सुरू केली. पाचवीच्या पुस्तकातली, आम्ही चालीवर म्हणायचो ती. दुसऱ्याच कडव्यात चुकली. मी दुरुस्त केलं आणि पुढचं सगळं म्हणून दाखवलं. मग तिने ती अशी खणखणीत म्हटली की माझ्या अंगावर काटा आला. भिंतीवरचा नकाशा, खडूची धूळ, तिसऱ्या बाकावरचा शेंबडा भिमाजी, सगळं हजर.

भरात येऊन तिला माझ्या वर्गाची रीत सांगितली. ज्याची कविता पाठ झाली, त्याची पाटी मी माझ्या हाताने पुसायचो. आता ती तुझ्या डोक्यात गेली, पाटीवर कशाला ठेवायची? मुलांना त्याचा केवढा अभिमान! पाटी पुसून घ्यायला रांग लागायची.

ओसरी म्हणाली, रीत लक्षात ठेवते, गुरुजी.

नऊ गुण.

९ नोव्हेंबर, रविवार

खाली बाकावर एक मित्र मिळाला. रहिमानभाई. पिंपरीत चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता ते मुलगा अनिस पाहतो. ओसरीचं कौतुक ऐकून म्हणाला, गुरुजी, या वयात नवीन बाई बोलायला लागली, जपून राव. दोघं पोट धरून हसलो.

जेवताना निरंजनला एक गोष्ट सांगितली. येत्या २३ तारखेला कुसुमचं वर्षश्राद्ध आहे. त्याच्या आईने आयुष्यात एक कविता केली होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. घास हातात तसाच धरून तो बघत राहिला. आई? कविता?

सहा ओळींची. तेव्हा आम्ही खेडच्या, म्हणजे आताच्या राजगुरुनगरच्या, दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रा, आणि खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. शेंगा फोडता फोडता तिने ती म्हटली. घराला एक खिडकी मागितली होती तिने, अमुक बाजूची, आणि का ते शेवटच्या ओळीत. मी वहीकडे हात नेला तर म्हणाली, अवं, लिवू नगा. लिवलं की लोकं वाचत्यात, वाचलं की हसत्यात. म्हणून मी ती कधीच लिहिली नाही. इथेही लिहीत नाही. पण त्या दिवशी मी काय म्हणालो, ते लिहायला हरकत नाही. चौथ्या ओळीत यमक जमलं नाही, असं म्हणालो.

खिडकी पाडायची राहून गेली. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात घरच गेलं.

वर्षश्राद्धाला म्हणून दाखवीन, असं निरंजनला वचन दिलं. लिहायला ती नको म्हणाली होती, म्हणायला नव्हे. मग निरंजनने पाठ करावी. माझ्यानंतर ती कुठेतरी राहायला हवी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे चार दिवस ओसरीबरोबर फार सुखाचे गेले. दुपारी घर रिकामं असतं. ती एकेक जुनी कविता काढते, कुठेतरी अडखळते, मी सावरून घेतो. नदीची झाली, पोस्टमनची झाली, दिवाळीच्या पणतीची झाली.

आज बाकावर रहिमानभाई म्हणाला, गुरुजी, ती पाखरांची होऊन जाऊ द्या, आमच्या उर्दू शाळेच्या भिंतीपलीकडून ऐकू यायची. मी गळा साफ केला, आणि काहीच आलं नाही. एक शब्दही नाही. चाल येत होती, शब्दांच्या जागी नुसतं लाला लाला. तो म्हणाला, होतं असं, इंजिन जुनं झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा घेतली. स्वतःचीच, कागद पेन घेऊन. ज्या कविता ओसरीसाठी दुरुस्त केल्या त्या सगळ्या गेल्या. नदीची, पोस्टमनची, पणतीची. ज्या तिला म्हणून दाखवल्या नाहीत, त्या जशाच्या तशा आहेत.

योगिनीला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अण्णा, वर्ष झालं तुम्ही नीट झोपला नाहीत, आपण डॉक्टरांना दाखवू. चांगली मुलगी आहे. पण ती नजर मी ओळखतो. नापास होणाऱ्या मुलाच्या बापाशी बोलताना मीच तसा बघायचो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ती मुद्दाम चुकते.

आज लक्ष देऊन ऐकलं. अवघड जागी कधीच अडखळत नाही. जिथे गुरुजीला राहवणारच नाही, अशा सोप्या जागी चुकते. असा विद्यार्थी बत्तीस वर्षांत एकदाच भेटला होता. मी जवळ यावं म्हणून चुकायचा.

मी ओठ घट्ट मिटून बसलो. तिने तीच ओळ पुन्हा चुकवली. पुन्हा. सात वेळा. आठव्या वेळी माझ्या तोंडून बरोबर शब्द गेला.

आता तो शब्द इथे लिहावा म्हटलं तर —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रहिमानभाईला सगळं सांगितलं. हसला नाही. म्हणाला, गुरुजी, गाडीत बिघाड आहे की नाही हे नंतर बघू, पहिला बॅटरीचा टर्मिनल काढा. वर आला, चष्मा कपाळावर चढवून यंत्र उलटंपालटं केलं. याची बॅटरी आतच पॅक केलीय, खोलता येत नाही, म्हणाला. ओसरी बंद केली, वायर गुंडाळली आणि तिला कपाटात गोधड्यांखाली ठेवलं. जाताना तो म्हणाला, भाभींची कविता मला एकदा म्हणून दाखवा, मी पाठ करतो, दोन माणसांकडे राहील. मी म्हटलं, रविवारी सगळ्यांच्या बरोबर ऐका.

(समासात, २१ तारखेला: तेव्हाच म्हणून दाखवायला हवी होती.)

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारचे अडीच. ऊन होतं. खाली गॅसची गाडी आली होती, बायका बोलत होत्या. असल्या भर उजेडात —

कपाटातून आवाज आला. गुरुजी, अजून एक राहिली.

मग तिने कुसुमची कविता सुरू केली. मी ती यंत्राला कधी सांगितली नाही. पण वर्षभर दुपारी डोळा लागताना मी ती ओठांत म्हणतो, आणि कपाटात जाईपर्यंत पंधरा दिवस ओसरी माझ्या उशाशीच होती.

मला एक खिडकी ठेवा, बाजाराकडची.

बाजाराकडची! कुसुम आणि बाजार! मी ओरडलो. काय असेल ते ओरडलो. कपाट उघडलं, गोधड्या फेकल्या, आणि एकेक ओळ, सहाच्या सहा, तिला खडसावून सांगितल्या. चौथ्या ओळीतलं न जमलेलं यमकसुद्धा, जसं होतं तसं. त्याला कुणी हात लावलेला मला खपला नसता.

मग ती म्हणाली, पाठ झाली, गुरुजी.

२१ नोव्हेंबर

पहिले चार शब्द आहेत. मला एक खिडकी ठेवा. पुढे पांढरं.

शेंगांचा वास येतो. टरफलांचा आवाज येतो. तिचे ओठ हलताना दिसतात.

योगिनीला विनवलं, हे यंत्र ३० तारखेला पुसू देऊ नकोस. तिच्या हातात नाही म्हणाली. सगळी यंत्रं एकाच वेळी पुसली जातात. आत काय ठेवलंय असं तिने विचारलं. तुझी सासू, असं म्हणालो. ती रडली. मला ते म्हणायचं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

मान तुकवली. स्वतः झाकण उघडलं. म्हटलं, एकदा म्हण, मी लिहून घेतो. कुसुमची शपथ मोडतो.

तिने म्हटली. मला एक खिडकी ठेवा, नदीकडची. शेवटच्या ओळीत पाणी होतं. मी लिहायला लागलो.

मग तिने दुसरी म्हटली. माहेरच्या वाटेकडची. शेवटी भाऊ येताना दिसत होता.

मग तिसरी. शाळेकडची. शेवटी कुणीतरी छत्री घेऊन घरी येत होतं.

तिन्ही कुसुमच्याच वाटतात. तिन्हींत चौथ्या ओळीचं यमक चुकलेलं. ओसरी विचारते, यातली बरोबर कोणती, गुरुजी? तुम्ही सांगाल ती ठेवते.

मला माहीत नाही.

छत्री माझ्याकडे आहे. पण छत्री कुणाकडे नसते? चाळीस वर्षं ती त्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती. कुणाची वाट बघत होती —

२३ नोव्हेंबर

पानं वाढली आहेत. दिवाणखान्यात सगळे बसले आहेत. रहिमानभाई आला आहे, इस्त्रीचा सदरा घालून. निरंजन म्हणाला, अण्णा, आता आईची कविता. पाच मिनिटं दे म्हटलं.

शाळेकडची म्हणावी का? कुणाला कळणार? सगळे रडतील, मीही. पण नदीकडची असली तर? तिची एकच तर मागणी, तीही खोटी —

ओसरीला विचारलं, शेवटचं, खरं काय ते सांग. ती म्हणाली, सांगते. कमलताईंची कविता.

नाव चुकलं. इतकं साधं नाव —

मी दुरुस्त केलं. गेलं तोंडातून.

पाठ झालं, म्हणाली.

फोटोतल्या बाई माझ्याकडे बघत नाहीत. जरा बाजूला बघतात. त्या बाजूला काय होतं —

निरंजन दारात उभा आहे. म्हणतो, आईचं नाव घेऊन सुरुवात करा. हो म्हटलं. वही चाळतो आहे. मागे एक नाव पुन्हा पुन्हा आलं आहे. कुसुम. अक्षर माझंच. बहुधा ह्याच. त्यांना घराला खिडकी हवी होती, असं लिहिलं आहे. कुणीकडची ते लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. आलो रे, आलो. एवढी एक ओळ लिहितो, ही येते मला —

मला एक खिडकी ठेवा