सात उत्तरं, तीही क्रमाने

२ मार्च, रविवार
सिन्नरची कंपनी बंद पडून आठ महिने झाले. बावीस वर्षं तिथलं स्टोअर सांभाळलं. आता अंबडच्या एका कंपनीला स्टोअरकीपर हवाय. इंटरव्ह्यू सतरा तारखेला. प्रफुल्लसर दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये इंटरव्ह्यूचा सराव घेतात, फुकट. बँकेतून रिटायर झालेत, ऐकायला माणसं लागत असणार. त्यांना तेवढीच मदत म्हणून गेलो.
संकल्प: नोकरी लागताच बायकोने, प्रतिभाने, साडीच्या दुकानातलं काम सोडायचं. दिवसभर उभी असते, पाय सुजतात. तसं तिला सांगितलं. म्हणाली, "आधी लागू तर द्या."

३ मार्च, पहाटे ५
सरांनी सात प्रश्न दिलेत. सातही उत्तरं पाठ करतोय. गावच्या शाळेत गुरुजी पाढा कधी मधूनच विचारत नसत, म्हणून तर आमचा पाया पक्का. वंदना झाली की दोनदा म्हणतो. मन शांत होतं.

९ मार्च, रविवार
सरांनी एकदम चौथाच प्रश्न विचारला. वय झालं, विसरले असतील. मी मोठ्या मनाने पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कपाळाला हात लावून म्हणाले, "समाधानभाऊ, ही वंदना नाही. विचारतील तेवढंच सांगा."
बँकवाल्यांना पाठांतराची किंमत नाही. राग धरला नाही.

१६ मार्च, रविवार
सरावाला गेलो नाही. तयारी झालेल्या माणसाने तिथे बसणं म्हणजे इतरांवर अन्याय. सरांचा फोन आला. उद्या स्टोअरच्या कामाबद्दल बोला म्हणाले. ते तर येतंच. त्याची तयारी कशाला?

१७ मार्च, रात्री ८
उत्तम झाला. दोन साहेब होते. पहिलाच प्रश्न, रबरी रिंगा स्टोअरमध्ये पडून पडून खराब होतात, काय कराल? यादीत नव्हता. मी नम्रपणे सुचवलं, साहेब, आधी माझी ओळख विचारायची असते. त्यांनी विचारली. गुणी माणसं. दुसऱ्या उत्तरात धाकट्या साहेबाने पुन्हा रिंगांचा विषय काढला. लय तुटली. पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं. चौथ्या उत्तराला त्यांनी चहा मागवला. मला विचारलं नाही, माझी एकाग्रता मोडू नये म्हणून. सातवं संपल्यावर म्हणाले, कळवतो.
घरी प्रतिभाने विचारलं, रिंगांचं काय करायचं असतं? सांगितलं. उन्हापासून लांब ठेवायच्या, खिळ्याला टांगायच्या नाहीत, खोक्यावर तारीख टाकायची, जुना माल पुढे आणून आधी तोच द्यायचा.
"हे सांगितलं त्यांना?"
म्हणालो, वेळ कुठे होता.

२१ मार्च, शुक्रवार
सायखेड्याच्या नाथाला घेतलं. माझ्याच हाताखाली दहा वर्षं होता. सर म्हणाले, नाथा स्वतःच सांगत होता, पार घाबरला होता, स्वतःची ओळखसुद्धा धड सांगता आली नाही, नुसता रिंगांचंच बोलत राहिला.
फोन करून अभिनंदन केलं. म्हणाला, "भाऊ, तुम्हीच शिकवलं हाय ना सगळं. लय उपकार झाले."
प्रतिभा गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं.
पाणी गार झालं होतं. बदलून दिलं.