रेवाच्या गोळीचे चार वळसे

सोम. १६ नोव्हें. ९८
आजपासून सूनबाई पुन्हा बँकेत, अलकापुरीला. रेवा चार महिन्यांची, दिवसभर माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी रोजचं लिहून ठेवा म्हटलंय. मला अक्षर येत नाही, तेव्हा संध्याकाळी मी सांगायचं, सूनबाईनं लिहायचं. नातीच्या निमित्तानं मला कारकून मिळाली. हेही लिही म्हटलं. लिहिलं, तोंड वाकडं करून.
दूध पाच वेळा. शी नाही. गोळी दिली.

बुध. १८
गोळीचं काही डोक्यात शिरत नाही. म्हणे प्रत्येकाच्या गळ्यात ग्रंथी असते, तिच्यातून आपोआप रस सुटतो. तो मेंदूतल्या पेशींना सांगतो, वाढा, फांद्या फुटू द्या, अमकीनं तमकीला जाऊन मिळा. रेवाचा रस फार थोडा, म्हणून गोळी. पहिली दोन-तीन वर्षंच महत्त्वाची. रस पुरला नाही तर पोरीला बोलायला उशीर, समजायला उशीर, आणि कदाचित...
पुढचं सूनबाई लिहीत नाही.
मुलगा कोयलीला रिफायनरीत. म्हणाला, आई, पाइप जोडणाऱ्यांना मुकादम लागतो, तसं समज. बरं. मग मुकादमाला कोण सांगतं? म्हणाला, तू जेव.

शनि. २१
सकाळी आंघोळ, गुटी, गोळी. मग झोप, झोप, झोप. हाक मारली तर बघत नाही. सूनबाई म्हणाली, तुमच्या टोमण्यांची सवय झाली असेल. दोघी हसलो. मग तिनंच पुन्हा एकदा हाक मारून बघितलं.

मंगळ. १ डिसें.
रक्ताचा रिपोर्ट. रस अजून कमीच. डॉक्टरीणबाई मला गुजरातीत म्हणाल्या, "बा, आखी गोळी आपो छो ने?" अख्खी गोळी देता ना, म्हणून. मी म्हटलं, हा, रोज. रोज देते हे खरंच आहे.
पण आखी का विचारलं?

बुध. २
सूनबाई, आज मधे बोलू नकोस, नुसतं लिही.
आंघोळ-गुटी पहिल्यापासून माझ्याकडे, तेव्हा गोळीही मी गुटीच्या सहाणेवर उगाळते. वेखंडाचे दोन वळसे, बदामाचे चार, गोळीचे चार, अलगद. आखी गोळी एवढ्याशा पोटाला गरम पडेल म्हणून. महिन्याला एक वळसा वाढवायचा, तुझ्या नवऱ्याला तसंच वाढवलं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी.
पेन थांबलं.
"आई, कधीपासून?"
"गोळी सुरू झाली तेव्हापासून. दोन महिने."
तिनं वही मिटली नाही. रेवाला उचलून आत गेली. हे जेवणं झाल्यावर लिहवून घेतलं.

गुरु. ३
सगळं ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. आता गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, चमचाभर दुधातून आखी द्यायची, गुटीत नाही. मागचे दोन महिने भरून निघतील का विचारलं. म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही, बघत राहायचं.
त्या पेशी तिथेच थांबून राहिल्या असतील, की सांगणारं कोणी नाही म्हणून भलतीकडेच निघाल्या असतील? आणि थांबल्या असतील तर किती दिवस थांबतात? मुलाला विचारलं. या वेळी जेव म्हणाला नाही.

रवि. ६
वाटलं होतं, आजपासून गोळी सूनबाईच देणार. तिनं गोळ्यांची बाटली आणि दोन चमचे माझ्यापुढे ठेवले आणि शेजारी बसली. मी चुरली, पाजली, रिकामा चमचा उलटा करून तिला दाखवला.
चमचे एकमेकांवर वाजले तशी रेवानं मान वळवली. माझ्याकडे की चमच्याकडे, कोण जाणे.
सूनबाई विचारते, काय लिहू?
वळवली, एवढंच लिही.